आधीं विक्री कीं आधीं खरेदी?

गृहस्थाश्रमांत माणसाच्या हातून होणारे मोठे व्यवहार फार नसतात. मुलांमुलींचीं लग्नें, थोरल्यांचीं आजारपणें आणि राहत्या घराची उलाढाल हे तीन मोजले कीं बहुतेक यादी संपते. यांपैकीं पहिल्या दोहोंबद्दल सल्ला देणारीं अनुभवी माणसें घरोघर असतात. तिसऱ्याचा अनुभव मात्र बहुतेकांस जन्मांत एकदांच येतो, आणि तो पदरीं पडेपर्यंत त्याचा उपयोग करण्याची वेळ निघून गेलेली असते. पेठेंतील वाडा जुना झाला आहे, जिना वृद्धांस चढवत नाहीं, मुलांचीं बिऱ्हाडें वाढलीं आहेत. किंवा गांवाकडील घर विकून शहरांत सर्वांनीं एकत्र राहावयाचें ठरलें आहे. अशा स्थितींत घर बदलावें कीं नाहीं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण बदलावयाचें एकदां ठरलें म्हणजे जो पेंच पडतो तो सर्वांस सारखाच आहे : जुनें आधीं विकावें कीं नवें आधीं घ्यावें?

हा बीजांकुरन्याय आहे. नव्या घराचा पैसा जुनें विकल्यावांचून हातीं येत नाहीं, आणि जुन्याचा ताबा नवें मिळाल्यावांचून देतां येत नाहीं. पुष्कळ लोक एक टोंक धरून उडी घेतात. कोणी चांगलें घर दिसलें म्हणून भरभक्कम इसार देऊन बसतात व मग जुन्यासाठीं गिऱ्हाईक शोधूं लागतात; कोणी चांगलें गिऱ्हाईक आलें म्हणून घर देऊन मोकळे होतात व मग बिऱ्हाडासाठीं वणवण फिरतात. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत गेलें. घरांचे व्यवहार हा त्याचा धंदा नव्हे. परंतु निवृत्तीनंतर आप्तेष्टांचे व शेजाऱ्यांचे दस्तऐवज वाचून देण्याचें काम त्याच्याकडे आपोआप आलें, आणि कांहीं कुटुंबांचीं स्थित्यंतरें जवळून पाहिल्यावर त्याचें मत बनलें तें असें : करार करतांना विक्री आधीं, राहावयास जातांना प्रवेश आधीं, आणि या दोहोंच्याही आधीं घरांतील सर्व हक्कदारांची संमति. हा क्रम साधला तर बाजार तेजींत असो वा मंदींत, घर बदलणें फारसें जड जात नाहीं. तो चुकला तर तेजीही उपयोगीं पडत नाहीं.

दोन मार्गांचा हिशेब

प्रथम आंकडे पाहूं. ते केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपल्या घरचे आंकडे घालावे. समजा, जुन्या घराची किंमत १ कोटि रुपये येण्यासारखी आहे, नवें घर ९० लाखांस मिळत आहे आणि हातीं ३० लाखांची शिल्लक आहे.

नवें आधीं घेतलें तर ६० लाखांचें कर्ज काढावें लागेल. सालीना ९ टक्के व्याज धरल्यास महिन्यास ४५,००० रुपये झाले. जुनें घर विकण्यास सहा महिने लागले तर व्याजच २ लाख ७० हजार. पण खरें नुकसान याच्या पुढें आहे. ज्याच्या डोक्यावर व्याज चढत आहे त्याची निकड गिऱ्हाइकापासून लपत नाहीं. दलाल तर ती पहिल्या भेटींतच ओळखतो. त्या निकडीपायीं किंमत पांच टक्के जरी उतरून द्यावी लागली तरी आणखी ५ लाख गेले. एकूण भार ७ लाख ७० हजारांचा झाला.

जुनें आधीं विकलें तर भाड्याचें बिऱ्हाड करावें लागेल. महिन्यास २५,००० भाडें धरल्यास सहा महिन्यांचे १ लाख ५० हजार. त्या अवधींत भाव वर्षास पांच टक्के या वेगानें चढले तर ९० लाखांचें घर २ लाख २५ हजारांनीं महाग होईल. सामान दोनदां हलविण्याचे ५० हजार धरूं. बेरीज ४ लाख २५ हजार. उलट, विक्रीचे १ कोटि रुपये सहा महिने बँकेंत ६ टक्क्यांनीं राहिले तर ३ लाख व्याज येईल. तें वजा करतां भार सव्वा लाखाच्या आसपास उरतो.

अंकगणिताचा कौल असा आधीं विकण्याकडे आहे. परंतु ऐंशी वर्षांच्या आजीस एका वर्षांत दोनदां घर बदलावयास लावणें या हिशेबांत कोठें मांडावयाचें? तिला न्हाणीघराची वाट अंधारांत पायांना ठाऊक असते. नव्या जागीं ती वाट शिकेपर्यंत पडण्याचें भय असतें, आणि ती शिकते न शिकते तोंच पुन्हां तिसरें घर. शिवाय भाड्याच्या बिऱ्हाडांत चारसहा महिने काढलेलीं माणसें कंटाळून जातात आणि पुढें मिळेल तें घर पसंत करून मोकळीं होतात. म्हणून विकावें आधीं, पण बाहेर पडावें मागून, अशी कांहीं योजना हवी. ती पुढें सांगितली आहे.

तत्पूर्वीं एक भ्रम दूर केला पाहिजे. एक कोटींत नव्वद लाखांचें घर आलें म्हणजे दहा लाख उरले, असें घरोघर समजतात. तसें होत नाहीं. पुण्यासारख्या शहरांत मुद्रांकशुल्क सहा ते सात टक्के पडतें. सात धरल्यास ६ लाख ३० हजार. नोंदणीची फी एक टक्का असली तरी तिची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. दोन्ही व्यवहारांची दलाली एकेक टक्का धरली तरी १ लाख ९० हजार. येथपर्यंत ८ लाख ५० हजार संपले. वकिलाची फी, रंगरंगोटी आणि कपाटें यांत उरलेलें जातें. शिवाय किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तेव्हां खरेदीदारानें एक टक्का रक्कम प्राप्तिकरापोटीं कापून सरकारांत भरावयाची असते. विक्रेत्याच्या हातीं त्या दिवशीं १ कोटि नव्हे, ९९ लाख येतात. कापलेली रक्कम विवरणपत्रांत मिळते, पण ती मागून. ज्यानें पै न् पै नव्या घरांत गुंतविण्याचें ठरविलें आहे त्यास हा एक लाख ऐन वेळीं अडतो.

सह्यांचा प्रश्न

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. घर विकण्याची वेळ बाजार ठरवितो असा समज आहे. एकत्र कुटुंबाच्या घराच्या बाबतींत ती वेळ बहुधा सह्या ठरवितात.

याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें वडिलार्जित स्थावरांत पुत्राचा हक्क जन्मतःच मानला आणि असें स्थावर एकट्यानें विकण्यास कडक मर्यादा घातली. आपत्ति, कुटुंबाचें पोषण आणि धर्मकार्य हे त्यास अपवाद. हा ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं, म्हणजे सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं झाला. त्यांतील विचार आजही आपल्या वारसाहक्काच्या तळाशीं आहे. फरक पडला तो मुलींच्या बाबतींत. महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून आणि सबंध देशानें ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस मुलाप्रमाणेंच सहदायाद मानलें. त्या तारखेस वडील हयात असणें आवश्यक नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० च्या निकालांत स्पष्ट केलें. वडिलांनीं स्वतः मिळविलेलें घर असेल व ते मृत्युपत्र न करितां वारले असतील, तरी १९५६ च्या वारसा कायद्यानें पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांस सारखा वांटा आहे. नगरपालिकेच्या करपावतीवर थोरल्याचें नांव आहे म्हणून घर थोरल्याचें होत नाहीं.

याचा वेळेशीं संबंध काय, तें आमच्या पेठेंतील एका कुटुंबाच्या हकीकतीवरून ध्यानांत येईल. तिघे भाऊ एकत्र राहत होते. वाड्यास गिऱ्हाईक आलें, किंमत मनाजोगी होती. थोरल्यांनीं त्याच आठवड्यांत नव्या घरास १० लाखांचा इसार दिला व सहा महिन्यांची मुदत लिहून घेतली. इंदुरास दिलेली एक बहीण होती. तिच्याकडे हक्कसोडपत्राचा मसुदा टपालानें गेला; सोबत दोन ओळींचें पत्रही नव्हतें. तिनें तो परत पाठविला नाहीं कीं सहीही केली नाहीं. चार महिने असे गेले. भावांस वाटलें, बहिणीस पैसा हवा आहे. शेवटीं धाकटी भावजय इंदुरास जाऊन आली तेव्हां कळलें कीं तिला वांटा नको होता. ज्या घरांत आपला जन्म झाला तें विकावयाचें ठरलें, हें आपणांस मसुद्यावरून कळावें, याचें तिला वाईट वाटलें होतें. ती आली, सही करून गेली. पण तोंवर नव्या घराची मुदत टळली होती आणि इसार बुडाला होता. वाड्याचा सौदा पुढें झाला, मात्र नव्या घरासाठीं पहिल्याहून अधिक किंमत मोजावी लागली.

ज्या कुटुंबांत असें घडत नाहीं तेथेंही सह्या गोळा करण्यास वेळ लागतोच. मुलगा परदेशीं असेल तर त्याचें कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातींत किंवा नोटरीसमोर साक्षांकित व्हावें लागतें, आणि तें येथें पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. परदेशस्थ विक्रेत्याच्या हिश्शावर प्राप्तिकराची कपातही एक टक्क्याहून पुष्कळ अधिक होते. अज्ञान मुलाच्या स्वतंत्र मालकीचा हिस्सा असेल तर न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. मृत व्यक्तीचें नांव मिळकतपत्रिकेवर तसेंच असेल तर आधीं वारसनोंद व्हावयास पाहिजे. वाड्यांत जुने भाडेकरू असतील तर प्रश्न आणखी लांबतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें, ज्या जागा १ सप्टेंबर १९४० रोजीं भाड्यानें होत्या त्यांचें भाडें त्या दिवसाच्या आंकड्याशीं जखडून टाकलें. त्याच्या जागीं आलेल्या १९९९ च्या कायद्यानेंही जुन्या भाडेकरूंचें संरक्षण ठेविलें आहे. भाडेकरूंशीं लेखी समजूत झाल्यावांचून अशा वाड्यास योग्य किंमत येत नाहीं.

एखादा म्हणेल, राहिलेल्या एकाच्या सहीवांचून बाकीच्यांनीं आपापले हिस्से विकावे. तसें विकतां येतात. पण घेणारा कोण? एकत्र कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा विकत घेणाऱ्या परक्यास घरांत समाईक ताबा मागतां येत नाहीं, असें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याचें ४४ वें कलम सांगतें. त्यानें वांटणीचा दावा लावला तर घरच्या हिस्सेदारास तो हिस्सा किंमत देऊन परत घेण्याची मुभा १८९३ च्या वांटणी कायद्याच्या ४ थ्या कलमानें आहे. हे नियम कुटुंबाच्या रक्षणासाठीं आहेत. पण त्यांमुळेंच शहाणा खरेदीदार अपुऱ्या सह्यांच्या घराजवळ फिरकत नाहीं, आणि फिरकलाच तर भाव पाडून मागतो.

म्हणून घराची जाहिरात देण्यापूर्वीं, दलालास कळविण्यापूर्वीं, सर्व हक्कदारांस बोलावून एकदां बसावें. दूरच्यांस स्वहस्तें पत्र लिहावें किंवा दूरध्वनीवरून सविस्तर बोलावें. घरांत विधवा काकू किंवा आत्या असेल तर नव्या घरांत तिची खोली कोणती, हें त्या बैठकींतच ठरवावें; पुढें पाहूं असें म्हणूं नये. हें ठरलें म्हणजे सह्या आपोआप येतात. या कामास तीनचार महिने लागले तरी ते वाया जात नाहींत.

इसार, साठेखत, खरेदीखत

सह्यांची निश्चिति झाली म्हणजे बाजारांत जावें. या वेळीं दोन्ही कामें एकदम सुरू करण्यास हरकत नाहीं : जुन्यासाठीं गिऱ्हाईक पाहावें आणि नवीं घरेंही पाहावींत. पाहण्यास पैसा पडत नाहीं. बंधन मात्र आधीं विक्रीचें करून घ्यावें.

येथें तीन कागदांतील भेद गृहिणींनींही समजून घ्यावा. इसारपावती म्हणजे बोलणें झाल्याची खूण. साठेखत म्हणजे अमुक मुदतींत, अमुक किंमतीस विकण्याचा करार. खरेदीखतानें मालकी बदलते. १८८२ च्या कायद्याचें ५४ वें कलम स्पष्ट म्हणतें कीं नुसत्या कराराने मिळकतींत हक्क उत्पन्न होत नाहीं; शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेंच होते. तेव्हां जुन्या घराची इसारपावती हातीं आली म्हणजे पैसा आला, असें समजून नव्यास शब्द देणें हें वाळूवर घर बांधणें होय. जुन्याचें नोंदलेलें साठेखत व त्याबरोबर मोठी रक्कम हातीं पडावी, आणि मगच नव्याचें साठेखत करावें.

दोन्ही साठेखतांच्या तारखा एकमेकांस जोडून लिहाव्या. जुन्याच्या खरेदीखताची शेवटची तारीख आणि नव्याची रक्कम पुरी देण्याची तारीख यांत निदान महिना दीड महिना मोकळा असावा. आज बहुतेक खरेदीदार बँकेच्या कर्जावर घर घेतात. बँकेचा वकील तीस तीस वर्षांचे कागद तपासतो, एखादी सूची किंवा वारसनोंद कमी पडली कीं पत्र पाठवितो, आणि आठवडे जातात. त्यांत कोणाचा दोष नसतो. पण आपल्या नव्या घराचा मालक तेवढा थांबत नाहीं. जुन्याच्या करारांत, खरेदीदारानें मुदत टाळली तर इसारापैकीं किती रक्कम जाईल, हें लिहावें. नव्याच्या करारांत, एकदां ठराविक दिवसांची वाढीव मुदत मिळेल, हें लिहावें. उंबऱ्यावरील एकच दिवा घरांत व अंगणांत दोहींकडे प्रकाश देतो, यास देहलीदीपन्याय म्हणतात. जुन्या घराचें नीट लिहिलेलें साठेखत तसेंच दोन्ही व्यवहारांस उपयोगी पडतें.

ताब्याची तारीख

आतां विकावें आधीं व बाहेर पडावें मागून, हें साधावयाचें कसें? किंमत आणि ताबा या दोन गोष्टी एकाच दिवशीं हातोहात झाल्याच पाहिजेत असें नाहीं. उभयपक्षांनीं लिहून ठेविल्यास ताबा मागाहून देतां येतो. त्याचे दोन प्रकार आहेत.

एक, खरेदीखताच्या दिवशीं किंमतीपैकीं बहुतेक रक्कम घ्यावी आणि चारपांच टक्के खरेदीदाराकडे राहूं द्यावी. साठ किंवा नव्वद दिवसांनीं किल्ल्या देतांना ती रक्कम घ्यावी. उदाहरणांतील घरास पांच लाख राहिले. खरेदीदारास ती हमी होते, आणि आपणांस नवें घर घेऊन, रंगवून, वास्तुशांति करून सावकाश जाण्यास अवकाश मिळतो. दुसरा प्रकार असा कीं पूर्ण किंमत घेऊन आपल्याच जुन्या घरांत नव्या मालकाच्या परवानगीनें, ठरलेलें शुल्क देऊन, दोनतीन महिने राहावें. असा करार महाराष्ट्रांत लेखी व नोंदणीकृत असणें आवश्यक आहे; तोंडी भरंवशावर राहूं नये. महिन्यास २५,००० प्रमाणें तीन महिन्यांचे ७५,००० गेले, तरी एक स्थलांतर आणि वृद्धांची एक यातना वांचली.

दोन्ही प्रकारांत खरेदीदाराची अडचणही पाहावी. त्याचेंही कोठें तरी भाडें चालू असतें, त्याच्याही मुलांची शाळा असते. ठरल्या दिवशीं घर रिकामें करून देणें हा कायद्याइतकाच सभ्यतेचा प्रश्न आहे. पहिल्या भेटींतच त्यास आपली अडचण मोकळेपणानें सांगितली तर बहुतेक खरेदीदार अवधि देतात. सौदा ठरल्यावर ती बाहेर काढली तर फसवणूक वाटते.

कोणी म्हणतील, मधल्या दोन महिन्यांसाठीं बँकेचें अल्पमुदतीचें पूरक कर्ज घ्यावें. घ्यावें, परंतु जुन्याचें नोंदलेलें साठेखत हातीं आल्यावरच. गिऱ्हाईक येईल या आशेवर काढलेलें कर्ज आणि आलेल्या गिऱ्हाइकाच्या भरंवशावर काढलेलें कर्ज यांत फार अंतर आहे.

अपुरें बांधकाम

नवें घर अजून बांधून व्हावयाचें असेल तर वरील योजना पुरी पडत नाहीं. तेथें ताब्याची तारीख आपल्या हातीं नसते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें व १ मे २०१७ पासून महाराष्ट्रांत काम करूं लागलेल्या प्राधिकरणानें ग्राहकास पुष्कळ संरक्षण दिलें आहे. करार नोंदविल्यावांचून विकासकास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक घेतां येत नाहीं. ताबा लांबला तर व्याज मागतां येतें किंवा घर सोडून पैसे व्याजासह परत मागतां येतात. परंतु मागाहून मिळणारें व्याज पावसाळ्यांत डोक्यावर छप्पर देत नाहीं. ज्यांच्या घरीं वृद्ध व लहान मुलें आहेत त्यांनीं, राहतें घर विकून येणाऱ्या पैशावर, पूर्ण झालेलें व भोगवटा-प्रमाणपत्र मिळालेलें घरच घ्यावें, असें लेखकाचें स्पष्ट मत आहे. अपुऱ्या बांधकामांत पैसा गुंतविणें हें दुसरें राहतें घर असलेल्यांनीं करावें.

कराची मुदत

घर विकतांना जो नफा होतो त्यावर प्राप्तिकर आहे. चोवीस महिन्यांहून अधिक काळ मालकींत असलेल्या घरावरील नफा दीर्घमुदतीचा समजतात. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीस त्याचा दर १२.५ टक्के आहे. त्या दिवसापूर्वीं घर संपादन केलेलें असेल तर निवासी व्यक्तीस व एकत्र कुटुंबास महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांनींही कर काढून पाहतां येतो, आणि जो कमी तो भरावयाचा. १ एप्रिल २००१ पूर्वींच्या घरास त्या दिवशींची वाजवी किंमत हीच मूळ किंमत धरतां येते. जुन्या वाड्यांस याचा मोठा उपयोग आहे. मूल्यांकन मान्यताप्राप्त मूल्यकाराकडून विक्रीपूर्वींच करून घ्यावें.

नफा ६० लाखांचा झाला तर १२.५ टक्क्यांनीं कर साडेसात लाख, उपकर वेगळा. हा वांचविण्याचा सरळ मार्ग म्हणजे नफा दुसऱ्या राहत्या घरांत घालणें. १९६१ च्या कायद्यांतील ५४ व्या कलमाची ही सवलत, १ एप्रिल २०२६ हा ज्याचा अंमलदिन त्या २०२५ च्या नव्या कायद्यांतही ठेविलेली आहे. नवें घर विक्रीपूर्वीं एक वर्षाच्या किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आंत विकत घ्यावें, अथवा तीन वर्षांच्या आंत बांधून पुरें करावें. कायद्यानें दोन्ही क्रम मान्य केले आहेत, पण आधीं विकणाऱ्यास दुप्पट अवधि दिला आहे, हें लक्षांत घ्यावें. नवें घर पुढें तीन वर्षांच्या आंत विकलें तर सवलत परत जाते.

यांत वेळेची एक बारीक खुबी आहे. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत जो नफा नव्या घरांत गेला नसेल तो १९८८ च्या योजनेखालील भांडवली नफा खात्यांत ठेवावा लागतो. ही मुदत निवृत्तांस व नोकरदारांस सामान्यतः ३१ जुलै असते. खरेदीखत २५ मार्चला झालें तर त्याच वर्षींच्या जुलैपर्यंत, म्हणजे सुमारें चार महिनेच मिळतात. तेंच ५ एप्रिलला झालें तर पुढल्या वर्षींच्या जुलैपर्यंत, म्हणजे जवळजवळ सोळा महिने मिळतात. शिवाय सरकारी बाजारमूल्याचे दर १ एप्रिलला बदलत असल्यानें मार्चअखेर नोंदणी कचेऱ्यांत गर्दी उसळते. विक्रेत्यानें म्हणून एप्रिल पाहावा. खरेदीदार दर वाढण्याच्या भयानें मार्चचा आग्रह धरील; तेव्हां शुल्क साठेखतावर मार्चमध्यें भरून खरेदीखत एप्रिलांत करतां येईल काय, हें वकिलास विचारावें.

आणखी एक. ज्याच्या नफ्यावर सूट हवी त्याचें नांव नव्या घरावर असावें. घर केवळ स्त्रीच्या नांवें घेतल्यास महाराष्ट्रांत मुद्रांकशुल्कांत एक टक्का सूट आहे. ९० लाखांच्या घरास ती ९० हजार होते. पण जुनें घर पतीच्या नांवें असतां नवें केवळ पत्नीच्या नांवें घेतलें तर या ९० हजारांपायीं साडेसात लाखांच्या सवलतीवर वाद ओढवूं शकतो. दोहोंचा मेळ आधींच तज्ज्ञाकडून घालून घ्यावा. घर तिघां भावांच्या समाईक मालकीचें असेल तर प्रत्येकाचा नफा व प्रत्येकाची सूट वेगळी मोजतात. एकानें घर घेतलें म्हणून दुसऱ्याचा कर सुटत नाहीं.

ऋतु व मुहूर्त

पितृपक्षांत सौदे होत नाहींत, आणि दसऱ्यास व अक्षय्यतृतीयेस एकदम होतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. व्यवहाराच्या दृष्टीनें इतकेंच पाहावें कीं ज्या दिवसांत गिऱ्हाईक थंड असतें त्या दिवसांत नवीं घरें पाहावींत, आणि पावसाळ्यांत तर अवश्य पाहावींत. कारण भिंतीची ओल व गच्चीची गळती उन्हाळ्यांत दिसत नाहीं. राहावयास जाणें मात्र एप्रिल-मे महिन्यांत व्हावें. शाळेंत चाळीस वर्षें काढलेल्या माणसाची ही विनंति आहे कीं दहावी-बारावीच्या मुलाचें घर जानेवारी ते मार्च या काळांत हलवूं नये.

वेळ निवडतां येणें ही मोठी सोय आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटून पुण्यांतील नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, तेव्हां हजारों कुटुंबांस नेसत्या वस्त्रांनिशीं घर सोडावें लागलें. त्यांच्यापुढें आधीं काय व मागून काय हा प्रश्नच नव्हता. आपणांपुढें तो आहे, तेव्हां त्याचा उपयोग करून घ्यावा.

एकंदर क्रम असा : हक्कदारांची बैठक, कागद व वारसनोंदी, मूल्यांकन, जुन्याचें नोंदलेलें साठेखत, नव्याचें साठेखत, जुन्याचें खरेदीखत व रक्कम, नव्याचें खरेदीखत, नव्यांत प्रवेश, आणि सर्वांशेवटीं जुन्याच्या किल्ल्या. या सर्वांस वर्ष दीड वर्ष लागतें. ज्यास तें सहा महिन्यांत उरकावयाचें असेल त्यास उतरलेला भाव किंवा चढलेलें व्याज यांपैकीं एक सोसावें लागेल. ज्या घरीं हा विचार चालू असेल तेथें पहिलें काम दलालाकडे जाण्याचें नाहीं. सासरीं गेलेल्या बहिणीस व मुलीस या आठवड्यांत पत्र लिहावें, तें पहिलें काम.